चापट मारली की चालू होणारं रोटरी टूल: तीनदा कार्बन बदलले, कारण चौथ्यांदा सापडलं

"काका, मेलं परत."

पोरगं मशीन हातात धरून उभं. मी तंबोऱ्याच्या जवारीत गुंतलेलो, मान वर न करताच म्हटलं, "चापट मार एक." त्यानं मशीनच्या पाठीवर चापट मारली, बटण सरकवलं, मशीन सुरू. पाच मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा चापट. असे तीन दिवस ढकलले. चौथ्या दिवशी मशीन चापटीलाही दाद देईना, तेव्हा कुठे ते टेबलावर घेऊन उघडलं.

आमचं काम मिरजेत, तंबोरे-सतारींचं. नवी वाद्यं होतातच, पण निम्मं काम जुन्या वाद्यांच्या दुरुस्तीचं. नक्षीच्या पानांच्या कडा साफ करायला, पट्टी बसवायची खाच पाडायला, खुंटीचं भोक जरासं मोठं करायला हे पेनासारखं धरायचं छोटं मशीन लागतं. बाजारात कुणी त्याला मिनी ग्राइंडर म्हणतं, कुणी डाय ग्राइंडर, आणि कंपनी कुठलीही असो, बरेच जण सरसकट ड्रेमेलच म्हणतात. आमचं १७० वॅटचं आहे. वेग मिनिटाला ८ हजारांपासून ३३ हजार फेऱ्यांपर्यंत, बिटाची, म्हणजे पुढे लावायच्या हत्याराची, दांडी ३.२ मिलिमीटर. वर्षभरात ते चार वेळा बंद पडलं. पहिल्या तीन वेळा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे दोन काळे तुकडे) बदलले, मशीन चाललं, आम्ही खूश. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच रडगाणं. तुमचंही मशीन असंच दर महिन्याला रुसत असेल तर पुढचं वाचा. मिक्सर, ड्रिल, मोठा ग्राइंडर यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

कसं बंद पडलं, ते आधी आठवा

दुरुस्तीला टाकताना आपण एवढंच सांगतो, "बंद पडलंय." त्यावरून समोरच्याला काय कळणार? शेवटच्या दहा सेकंदांत काय झालं ते आठवलं, तर निम्मं निदान मशीन न उघडता होतं.

वायर हलवली की चालू-बंद होत असेल तर वायर आतून तुटलीय. चापटीनं चालू होत असेल तर कार्बन नीट टेकत नाही. आधी मागच्या जाळीतून ठिणग्या वाढल्या, ताकद उतरली आणि मग बंद पडलं, तर कार्बन आखूड झालाय किंवा कॉम्युटेटर (कार्बन जिथे टेकतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बिघडलाय. जळका वास येऊन, अंग चटका बसण्याइतकं तापून बंद पडलं असेल तर आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) नाहीतर फिल्डची (त्याच्याभोवतालची, न फिरणारी) कॉइल गेलीय. अशा वेळी "बघू तरी" म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, उरलंसुरलं असतं तेही जळतं. नुसता घुं आवाज येतोय आणि फिरत नाही, तर काहीतरी अडकलंय. मोटरचा आवाज नेहमीसारखा आहे पण बिट जागचं हलत नाही, तर मोटर आणि पुढचा दांडा जोडणारी कपलिंग गेलीय.

आणि आवाज नाही, वास नाही, काल संध्याकाळी धडधाकट ठेवलेलं मशीन सकाळी गप्प? मग आधी बोर्ड बघा. हसू नका. मी एकदा अर्धा तास स्क्रू खोलत बसलो होतो आणि बिघाड एक्स्टेंशन बोर्डाच्या बटणात होता. त्याच भोकात मोबाइलचा चार्जर लावून बघायला किती सेकंद लागतात!

एका माळेतले मणी

या मशीनमधली मोटर मिक्सरमध्ये असते त्याच जातीची, युनिव्हर्सल मोटर. तिच्यात सगळं एका माळेत ओवलेलं असतं. प्लगच्या एका पिनेतून वीज निघते ती वायर, स्विच, वेगाचं सर्किट, फिल्डची एक कॉइल, एक कार्बन, फिरतं आर्मेचर, दुसरा कार्बन, फिल्डची दुसरी कॉइल असं करत दुसऱ्या पिनेला पोचते. मण्यांचा क्रम कंपनीगणिक जरा मागेपुढे होतो, पण माळ एकच. म्हणून दोनपैकी एक कार्बन कॉम्युटेटरपासून केसभर जरी सुटला तरी मशीन ठार बंद. दुसरा अगदी कोरा असला तरी उपयोग नाही.

आता मणी एकेक करून तपासायचे. प्लग बोर्डातून काढलेला असला पाहिजे. स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवा. वेगाच्या सर्किटमध्ये कपॅसिटर असू शकतो, तेव्हा प्लग काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच आत बोट घाला.

वायरचं झटकन सांगतो. ती तुटते बहुधा दोनच ठिकाणी: मशीनच्या मानेपाशी, जिथे रबरी बूट संपतो तिथे, आणि प्लगच्या तोंडाशी. आपण काम संपल्यावर वायर मशीनभोवती करकचून गुंडाळतो, त्याचं हे फळ. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक प्लगच्या पिनेला आणि दुसरं आत जिथे वायर स्विचला लागते तिथे लावा, आणि मानेपाशी वायर वाकवत राहा. बीप तुटली की जागा सापडली. तेवढा वीतभर तुकडा कापून टाकायचा आणि नवीन टोक आत घ्यायचं. मधेच जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळू नका, हातात धरायच्या मशीनला ते चालत नाही. वीज चालू ठेवून वायर हलवून बघायचा मोह होतोच. तो झालाच तर निदान पुढचं बिट काढून ठेवा. अचानक सुरू झालेल्या कटिंग डिस्कनं बोटाचा निकाल लावायला वेळ लागत नाही.

कार्बन: बदलणं सोपं, समजणं अवघड

मशीनच्या मागच्या भागात समोरासमोर दोन काळ्या टोप्या असतात. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनं त्या सैल करताना वर बोट ठेवा, नाहीतर स्प्रिंग उडते आणि भुशात पडलेली स्प्रिंग चुंबकाशिवाय हाती लागत नाही. कार्बन काढण्याआधी कुठला डावीकडचा, कुठला उजवीकडचा आणि कुठली बाजू वर होती याची पेन्सिलीनं खूण करा. कार्बनच्या तोंडाला कॉम्युटेटरच्या गोलाईचा खळगा पडलेला असतो. उलटा बसवला की तो पुरता टेकत नाही आणि ठिणग्या पडतात.

लांबी मोजा. या छोट्या मशीनमध्ये कार्बन ३ मिलिमीटरपेक्षा आखूड झाला, किंवा तोंडाला खडबडीत टवके निघाले असतील, तर बदलायचा. बदलताना नेहमी जोडी. एक बरा दिसतो म्हणून ठेवू नका. साधारण ४०-५० तास काम झालं की एकदा टोप्या उघडून बघायच्या. मोठ्या ग्राइंडरच्या काही कार्बनांच्या पोटात आणखी एक छोटी स्प्रिंग आणि खिळा असतो. कार्बन झिजत ठरावीक खुणेपर्यंत आला की तो खिळा बाहेर येऊन कार्बनला कॉम्युटेटरपासून उचलतो. असं मशीन ठिणगी नाही, वास नाही, एका क्षणात बंद होतं आणि मालक समजतो मोटर जळाली. मोटर शाबूत असते, साठ-सत्तर रुपयांचे कार्बन लागतात.

इथपर्यंत कुठलाही दुकानदार सांगेल. आमच्या मशीनची भानगड याच्यापुढची होती.

चौथ्या वेळी टोपी उघडली, स्प्रिंग काढली, मशीन उलटं केलं. कार्बन बाहेर येईना. तो स्वतःच्या वजनानं घसरून हातावर पडायला हवा. चिमट्यानं ओढावा लागला. बाहेर काढून बघतो तर चांगला ८ मिलिमीटर शिल्लक! म्हणजे झिजलेला नव्हताच. पण त्याच्या चारही बाजूंना तपकिरी, चकचकीत, गुळाच्या पाकासारखा थर. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. पोरानं तो नाकाशी धरला आणि म्हणालं, "काका, पॉलिशचा वास येतोय की."

लाख! जुन्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आणि दांडीवर लाखेचं पॉलिश असतं, पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक दिलेलं. दुरुस्तीत आम्ही त्यावरच हे मशीन चालवत होतो. उडालेला भुगा पिठापेक्षा बारीक. आमच्या मशीनचा पंखा मागच्या जाळीतून हवा ओढतो आणि पुढून सोडतो, आणि कार्बन नेमके मागच्या जाळीपाशी. म्हणजे भुगा आत शिरला की त्याचं पहिलं स्टेशन कार्बनचा होल्डर. लाख साधारण ७५ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि चालत्या मशीनच्या होल्डरमध्ये तेवढी ऊब सहज असते. काम चालू असताना ती पाघळते, मशीन निवलं की घट्ट होते, आणि कार्बन तिथेच चिकटतो. इकडे कॉम्युटेटर कार्बनला झिजवत राहतो, तिकडे स्प्रिंग त्याला पुढे ढकलायला बघते आणि तो हलत नाही. केसभर फट पडली की माळ तुटली.

मग बाकीची कोडीही सुटली. चापटीनं का चालू व्हायचं? धक्क्यानं कार्बन सुटून पुढे सरकायचा. नवीन कार्बन घातले की दोन-तीन आठवडे का चालायचं? जुना ओढून काढताना आणि नवा आत सारताना होल्डरमधली लाख आपोआप खरवडली जायची. म्हणजे गुण कार्बनचा नव्हता, साफसफाईचा होता, आणि आम्ही पैसे कार्बनचे मोजत होतो. मी कामाची वही काढून तारखा लावून बघितल्या. चारही वेळा मशीन बंद पडलं त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत टेबलावर जुना, पॉलिशचा तंबोरा होता. नुसत्या नव्या लाकडावर काम चालू असताना ते एकदाही रुसलं नव्हतं.

यात आमची स्वतःची एक करणीही होती, ती लपवत नाही. दुसऱ्या वेळी या मशीनचे कार्बन मिळाले नाहीत म्हणून सुट्या डब्यातले "जवळजवळ तेच" आणले. जाडीला किंचित जास्त होते. पॉलिश पेपरवर हातानं घासून बसवले. हातानं घासलेल्या कार्बनच्या बाजू कधी सरळ राहत नाहीत, मधे फुगीर, कडेला उतरत्या. गार असताना ते सरकतात, गरम झाले की होल्डरमध्ये आवळतात. वर लाखेचा गोंद. घासायचेच झाले तर काचेवर पेपर पसरून, कार्बन सपाट धरून, चारच हात मारा आणि मधूनमधून होल्डरमध्ये घालून बघा. मशीन तिरकं केलं की कार्बन आपला आपण घसरला पाहिजे, आणि आडवा हलवला तर खुळखुळताही कामा नये.

दुरुस्ती अगदी साधी. पॉलिशवाल्याकडे स्पिरिट असतंच. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवायचा, पिळून घ्यायचा आणि होल्डरच्या आतल्या चारही भिंती पुसायच्या. आमच्या होल्डरमधून पहिल्या तीन काड्या चहासारख्या तपकिरी निघाल्या, सातवी पांढरी निघाली तेव्हा थांबलो. स्पिरिट आत वाइंडिंगवर ओघळू देऊ नका. पुसल्यावर अर्धा-पाऊण तास मशीन उघडंच ठेवा. आत वाफ असताना बटण दाबलं आणि कार्बनची ठिणगी पडली तर भडका उडेल.

तुमच्याकडे लाख नसेल. पण फरशीचं काम करणाऱ्याकडे दगडाची पूड आणि पाणी असतं, गाड्यांचं काम करणाऱ्याकडे पुट्टी आणि ऑइल, सुताराकडे फेव्हिकॉल सुकलेल्या प्लायचा भुसा. कार्बन बाहेर ओढावा लागला तर त्याच्या अंगावर काय चिकटलंय ते बोटावर घेऊन बघा.

स्प्रिंगही या निमित्तानं तपासा. या छोट्या कार्बनांना बऱ्याचदा वेगळी तांब्याची शेपटी नसते, वीज स्प्रिंगमधूनच जाते. तापून निळसर-काळी पडलेली स्प्रिंग लुळी झालेली असते. ओढून लांब करून वापरायचा आपला देशी उपाय आठवडाभर टिकतो. नवी घ्या.

कॉम्युटेटर घासायच्या आधी थांबा

कार्बन काढलेल्या भोकातून टॉर्च मारली की तांब्याच्या पट्ट्यांचा गोल दिसतो. पुढचं बिट हातानं फिरवत तो पूर्ण बघा. पट्ट्यांवर चॉकलेटी, एकसारखी झाक असेल तर ती घाण नाही. निरोगी कॉम्युटेटरचा रंगच तो, आणि त्यावर कार्बन कमी झिजतो. नवशिके तीच आधी घासून तांबं लखलखीत करतात.

काळजी कशाची करायची? सगळा गोल ठीक आणि एक-दोन पट्ट्याच कडेला जळून काळ्या पडल्या असतील, तर आर्मेचरमधली एखादी कॉइल तुटलीय. ते घासून सुटत नाही. सगळाच गोल काळा, खडबडीत असेल तर मात्र ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी लावून हळूच साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांमधल्या फटीत बसतात आणि विजेला भलतीकडे वाट करून देतात. फटी बांबूच्या टोकदार काडीनं कोरून मोकळ्या करायच्या. त्यांत तांबं-कार्बनचा काळा गाळ साचला की पट्टी पट्टीला जोडली जाते आणि कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडं फिरताना दिसतं.

नवे कार्बन घातल्यावर लगेच कामाला जुंपू नका. मधल्या वेगावर पाच-दहा मिनिटं बिट न लावता फिरू द्या, म्हणजे तोंडाला खळगा पडतो. सुरुवातीला ठिणग्या जरा जास्त दिसतील, मग बसतील.

मीटर खोटं बोलतो तेव्हा

इथे भले भले फसतात. मल्टिमीटर प्लगच्या दोन पिनांना लावला, स्विच चालू केला, मीटर काहीच दाखवत नाही, की निष्कर्ष: "मोटर ओपन आहे", म्हणजे माळ आत तुटलीय. वेग कमी-जास्त करायची चकती असलेल्या मशीनमध्ये मधे एक इलेक्ट्रॉनिक दार असतं, ट्रायॅक. मीटरच्या बॅटरीनं ते दार उघडत नाही. चांगलं चालणारं मशीनही प्लगवर ओपनच दाखवू शकतं. म्हणून तुकडे पाडून मोजायचं: वायर वेगळी, फिल्डच्या दोन कॉइल वेगळ्या (दोन्हींचा आकडा साधारण सारखा यायला हवा), आणि कार्बनच्या जागी दोन्ही बाजूंनी टोकं लावून आर्मेचर वेगळं.

आर्मेचर मोजताना शेजारच्या दोन पट्ट्यांवर टोकं ठेवून एकेक पट्टी पुढे सरकत पूर्ण फेरा घ्या. आकडा छोटा असला तरी चालेल, पण तो फेराभर सारखा यायला हवा. एखाद्या जागी एकदम वर गेला तर कॉइल तुटलीय, शून्याकडे गेला तर आत शॉर्ट. शेवटी एक टोक पट्टीवर, दुसरं लोखंडी दांड्यावर. इथे बीप आली तर मशीन बाजूला ठेवा. ते चालेलही, पण धोक्याचं आहे.

मीटर नसेल तर कुठल्याही जुन्या इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो, मशीनच्या आधी १०० वॅटचा पिवळा बल्ब ओवलेला. बल्ब अजिबात पेटला नाही तर माळ कुठेतरी तुटलीय. मंद पेटला आणि मशीन रेंगाळत फिरलं तर जीव आहे. भगभगीत पेटला आणि मशीन हललंच नाही, तर शॉर्ट किंवा जाम. जाम आहे का ते आधी हातानं फिरवून बघितलेलं बरं. उघड्या मशीनवर हा प्रयोग सवय नसलेल्यानं करू नये.

चकती फिरवताना वेग धक्क्याधक्क्यानं बदलत असेल किंवा एखाद्याच आकड्यावर मशीन बंद होत असेल, तर चकतीच्या आत धूळ गेलीय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, दहा-वीस वेळा चकती मागे-पुढे, वाळू द्यायचं. दहापैकी सात-आठ वेळा सुधारतं.

आर्मेचर जळालंच असेल तर? एवढ्या छोट्या आर्मेचरचं रिवाइंडिंग करून देणारे भेटतात, पण ३० हजार फेऱ्यांवर हाताचं वाइंडिंग आणि त्याचा तोल टिकणं कठीण. तयार आर्मेचर मिळालं तर घ्या, नाहीतर मशीनचे सुटे भाग काढून ठेवा. माझं मत विचाराल तर ह्या साइजला रिवाइंडिंगवर पैसे घालू नयेत. मोठ्या ग्राइंडरची गोष्ट वेगळी.

जळतं ते आपल्या हातानं

मोटरला गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. मशीन हळू फिरवलं की पंखाही हळू. आणि आपण काय करतो? लाकूड करपू नये म्हणून वेग कमी ठेवतो आणि काम होईना म्हणून अंगठ्यानं दाबतो. दाबलं की फेरे आणखी घटतात, मोटर जास्त वीज ओढते, पंखा मात्र अर्धमेला. करंट चढलेला आणि वारा बंद, मग आर्मेचर जळणार नाही तर काय. बिट धारदार ठेवा, दाब कमी, वेग मध्यम. मोटरचा सूर खाली उतरला की हात उचला. सतारीच्या कामात कान तयार असतो म्हणून आम्हाला हे लवकर कळतं, पण मोटरचा सूर कुणालाही ऐकू येतो. दुपारी व्होल्टेज पडतं तेव्हा हेच जास्त जपा, आणि पन्नास फुटी बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर मशीन चालवू नका.

काही जण धूळ जाऊ नये म्हणून जाळीवर पायमोजा चढवतात. धूळ थांबते, हवाही थांबते. आम्ही आता जुन्या वाद्याचं पॉलिश आधी स्पिरिटनं आणि पातीनं उतरवतो, मगच मशीन लावतो, आणि संध्याकाळी चष्मा-मास्क घालून चालू मशीनच्या जाळीत ब्लोअर मारतो.

आणखी एक गोष्ट आमच्याच धंद्यातली. वाद्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या असतील तर त्यावर हे मशीन भरधाव चालवू नका. सेल्युलॉइड कापसासारखं पेट घेतं, आणि मागच्या जाळीत ठिणग्या तर सतत पडत असतात. त्याचा कीस टेबलावर साचू देऊ नका. पट्टी पातीनं कापा, कानशीनं घासा.

मोटर फिरते, बिट नाही

मोटर आणि पुढचा दांडा यांच्या मधे रबर किंवा प्लॅस्टिकची छोटी कपलिंग असते. बिट अडकलं की मोटर वाचावी म्हणून ती स्वतः तुटते. स्वस्त आहे, दहा मिनिटांत बदलते. ती पुन्हा पुन्हा तुटत असेल तर पुढचं बेअरिंग बघा. बिट काढून दांडा बोटानं फिरवला तर वाळू दळल्यासारखं लागतंय का?

बिट बदलताना दांडा धरून ठेवणारं लॉकचं बटण मशीन पूर्ण थांबल्याशिवाय दाबू नका. घाईत चालत्या मशीनवर दाबलं की आतली खिट्टी घासून वाकते आणि एक दिवस अर्धवट अडकून बसते. मग मोटर घुं करते आणि फिरत नाही. वेळेत बंद केलं नाही तर वर सांगितलेला जळका वास.

बॅटरीवाल्या मशीनचा बाज वेगळा. ते अडकलं की बॅटरीतलं सर्किटच वीज तोडतं. बंद करून पुन्हा चालू केलं की सहसा चालतं. त्यातही काही मशीनमध्ये कार्बन असतात, त्यांना कार्बनबद्दल वर सांगितलेलं लागू.

आणि भाच्याकडून, मुलीकडून अमेरिकेतून मशीन मागवणाऱ्यांसाठी: तिथलं मशीन १२० व्होल्टचं. आमच्या एका गिऱ्हाइकानं असं मशीन पिनांचा आकार बदलणाऱ्या अडॅप्टरनं आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावलं. शिट्टीसारखा आवाज झाला, मग धूर. तो अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, मशीनच्या वॅटच्या निदान दीडपट-दुप्पट क्षमतेचा. ६० ऐवजी ५० हर्ट्झचं या मोटरला काही वाटत नाही, व्होल्टेजचं वाटतं.

आमच्या मशीनला त्या सात काड्यांच्या सफाईनंतर सात महिने झाले. कार्बन तेच, गेल्या आठवड्यात मोजले तर ६ मिलिमीटर भरले. चकती मात्र आता पहिल्या आकड्यावर अडखळते. पाऊस उघडला की तिला क्लीनर मारायचा आहे.